३३० प्रेशर दाखवणारा कॉम्प्रेसर मेलेला नसतो

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला आणि सगळ्यात आधी हेच सांगतो, १८ हजाराच्या कॉम्प्रेसरला अजून हो म्हणू नका. दोन दिवस थांबा, खाली सांगतोय तेवढं बघून घ्या, मग काय ते ठरवा.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात परत मांडतो म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. गाडी पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, सोलापुरात चालते. जानेवारीत समोरून धडक बसली, बंपर आणि कंडेन्सर (रेडिएटरसमोरचा, एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) बदलला, गॅरेजवाल्यानं गॅस मारून दिला. तेव्हा गारठा होता त्यामुळे एसी कसा चालतोय ते कळलंच नाही. मार्चमध्ये कमी वाटला म्हणून त्यानंच "थोडा टॉप-अप" केला, त्यानंतर सुधारायच्या ऐवजी अजून बिघडला. आता हायवेला ८० ला गाडी असली की बरा चालतो पण सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिलं की डॅशबोर्डच्या जाळीतून कोमट हवा, आणि मधेच टक आवाज होऊन कॉम्प्रेसर सुटतो. परवा संध्याकाळी सहाला गेज लावलं तेव्हा लो (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचं प्रेशर) ५५ पीएसआय आणि हाय (तिथून दाबून पाठवलेल्या गॅसचं) ३३० आलं, जाळीतली हवा २१ डिग्री. आणि हे बघून मेकॅनिक म्हणाला कॉम्प्रेसर गेला.

मी पुण्यात हडपसर साइडला २३ वर्षं फक्त गाड्यांच्या एसीचंच काम करतोय आणि हा निष्कर्ष मला अजिबात पटलेला नाही. कॉम्प्रेसरचं काम काय, तर एका बाजूनं गॅस ओढायचा आणि दुसऱ्या बाजूला दाबून पाठवायचा. तो आतून झिजला की दाबू शकत नाही, म्हणजे हाय चढत नाही आणि लो खाली येत नाही, दोन्ही काटे एकमेकांच्या जवळ येऊन थांबतात, लो ७० आणि हाय १४० असं काहीतरी दिसतं आणि इंजिन रेस केलं तरी काटे जागचे फारसे हलत नाहीत. तुमचा तर ३३० पर्यंत दाबतोय. तो दमलेला नाही, उलट त्याच्यावर नको तेवढा लोड आलाय, आणि आहे असंच दोन महिने चालवलं तर मात्र तो खरंच जाईल, आणि मग सगळे म्हणतील बघा आम्ही सांगितलंच होतं.

हे दोन आकडे जरा डिग्रीमध्ये करून बघू, म्हणजे सगळं चित्र समोर येतं. तुमच्या गाडीत आर-१३४ए गॅस आहे. ह्या गॅसचं प्रेशर आणि टेंपरेचर एकमेकांना बांधलेलं असतं, एक कळलं की दुसरं कळतं. लो साइडला ५५ म्हणजे डॅशबोर्डच्या आतली, हवा गार करणारी कुलिंग कॉइल साधारण १५ डिग्रीला आहे. कॉइलच १५ वर असेल तर तिच्यातून जाऊन आलेली हवा १९-२१ च्या खाली येणार कशी? तुमच्या थर्मामीटरनं बरोब्बर तेच दाखवलं. लो ३० च्या आसपास असता तर कॉइल शून्य-एक डिग्रीला गेली असती. आणि हाय ३३० म्हणजे कंडेन्सरमध्ये गॅस ७५ डिग्रीच्या आसपास आहे, बाहेर संध्याकाळची हवा धरा ३६. चाळीस डिग्रीचा फरक झाला. तब्येत चांगली असलेल्या गाडीत हा फरक १५ ते २५ च्या मध्ये असतो. सरळ भाषेत, तुमची गाडी आतली उष्णता ओढून समोर कंडेन्सरपर्यंत नीट आणतेय, पण तिथून ती बाहेर पडत नाहीये. दुपारी ४२ डिग्रीत सिग्नलला तेच प्रेशर ४०० च्याही वर जात असणार, ४५० च्या आसपास गेलं की सेफ्टीसाठी कॉम्प्रेसर बंद होतो, तुमचा तो टक आवाज त्याचाच असण्याची शक्यता जास्त आहे. हायवेला समोरून वारा बसतो, उष्णता निघते, म्हणून तिथं बरं वाटतं.

आता उष्णता का निघत नाही ह्याची मुख्य कारणं तीन, एक तर कंडेन्सरमधून हवा नीट जात नाही, नाहीतर गॅस जास्त झालाय, नाहीतर गॅसमध्ये साधी हवा मिसळलीये. माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे पहिली दोन एकत्र आहेत. आणि मी हे कशावरून म्हणतो, तर माझी पद्धत एकच आहे, रिपेअरनंतर एसी बिघडला असेल तर आधी रिपेअरमध्ये कशाकशाला हात लागला होता ते बघायचं. धडकेच्या आधी एसी चांगला होता ना? मग आधी चांगला असलेला कॉम्प्रेसर नेमका कंडेन्सर बदलल्यावरच जाईल असं क्वचित होतं. हात लागला बंपरला, फॅनला, कंडेन्सरला, दोन पाइपच्या जॉइंटला आणि गॅसला. तिथंच शोधायचं.

पहिलं काम फुकटात होतं, घरीच करा. गाडी सावलीत उभी, इंजिन चालू, एसी फुल, ब्लोअर तीनवर, बोनेट बंद. वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि समोरच्या ग्रिलला टेकवून हात सोडा. फॅन फिरायला लागला की पान ग्रिलला चिकटून बसलं पाहिजे, पडता कामा नये. चिकटलं पण लगेच सैल होऊन घसरलं तर फॅन स्लो आहे किंवा हवा दुसरीकडून ओढली जातीये. आणि पान जर उलट तुमच्या अंगावर ढकललं गेलं, तर फॅन उलटा फिरतोय. हे ऐकायला विचित्र वाटतं पण धडकेच्या गाड्यांत मी कितीतरी वेळा बघितलंय, कारण धडकेत फॅनचं सॉकेट तुटतं, मग वायर कापून डायरेक्ट जोडतात, त्यात लाल-काळी अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. फॅन फिरताना दिसतो, आवाजही येतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण तो इंजिनकडची गरम हवा समोर ढकलत असतो आणि सिग्नलला कंडेन्सर भाजून निघतो. (हे बघताना ओढणी, शर्टाची बाही, हात फॅनपासून लांब ठेवा, इंजिन बंद असलं तरी हे फॅन अचानक चालू होतात.)

फॅनचे स्पीड पण बघा. बऱ्याच गाड्यांत स्लो आणि फास्ट असे दोन स्पीड असतात, प्रेशर वाढलं की फास्ट लागायला पाहिजे. इंजिनच्या टेंपरेचरचा काटा बरोबर आहे म्हणून फॅन बरोबर आहे असं नसतं हं, इंजिनला जेवढी हवा पुरते तेवढी एसीला पुरेलच असं नाही.

आता बंपरच्या आत बघायची एक गोष्ट जी शंभरातले नव्वद लोक बघत नाहीत. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, कंपनीतून काळ्या फोमच्या नाहीतर रबरच्या पट्ट्या येतात. दिसायला अगदी बिनकामाच्या. कंडेन्सर काढताना त्या फाटतात आणि कचऱ्यात जातात, नवीन कोणी लावत नाही कारण त्यांच्याशिवायही सगळं फिट बसतं. पण गाडी उभी असताना फॅन हवा ओढतो ती जिथून सोपी मिळेल तिथून ओढतो, पट्टी नसेल तर कंडेन्सरमधून यायच्या ऐवजी ती बाजूच्या फटीतून येते, आणि वर इंजिनच्या बाजूची तापलेली हवा त्याच फटीतून फिरून परत समोर येते. म्हणजे बाहेर ४० डिग्री असताना कंडेन्सरला ५५ ची हवा मिळतीये. मागच्या वर्षी मे महिन्यात एक टूरिस्टवाले दादा आले होते, सेदान, समोरचं काम दुसरीकडे झालेलं, तीन वेळा गॅस मारून झालेला. गेज लावायच्या आधी मी खाली वाकून टॉर्च मारला तर कंडेन्सरच्या डाव्या बाजूला माझी चार बोटं आत जातील एवढी फट. आमच्या मुलानं बाजारातून फोमची पट्टी आणली, ९० रुपयांची, आणि चारी बाजू बंद केल्या. उभ्या गाडीत जाळीतली हवा १९ वरून १४ वर आली, गॅसला हातही न लावता. ते दादा जाळीपुढं हात धरून बराच वेळ नुसते बसून होते. ह्याच्याबरोबर बंपरच्या खालचं प्लास्टिकचं पॅनल आणि फॅनचं कव्हर जागेवर आहे का तेही बघा, ती पण असंच काम करतात.

दुसरी टेस्ट पाण्याची. गाडी उभी, एसी चालू, थर्मामीटर मधल्या जाळीत. बागेचा पाइप घ्या, नळ हळू सोडा आणि समोरून ग्रिलमधून कंडेन्सरवर नुसता पाण्याचा शिडकावा करा, प्रेशर वॉशर नको, नाजूक पत्रे वाकतात. दोन-तीन मिनिटांत जाळीतलं टेंपरेचर झपाट्यानं पाच-सहा डिग्री खाली आलं तर नक्की झालं की गडबड कंडेन्सरच्या बाजूची आहे, आत कॉइल, वॉल्व्ह, कॉम्प्रेसर काम करतायत. काहीच फरक नाही पडला तर मग मला परत विचार करावा लागेल. ही टेस्ट तुमच्या मेकॅनिकसमोर करा, गेज लावून. हायचा काटा खाली येताना त्याला स्वतःला दिसू दे, तोंडी वाद घालण्यापेक्षा हे बरं.

आता गॅस. इथं मला जरा मनापासून बोलायचंय कारण ह्या एका गोष्टीनं लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. आपल्याकडे १३४ए चा छोटा डबा मिळतो तो ४५० ग्रॅमचा, आणि बऱ्याच ठिकाणी हिशोब असा की छोटी गाडी म्हणजे एक डबा. पण तुमच्या बोनेटच्या आत किंवा समोरच्या पट्टीवर एक स्टिकर असेल त्यावर ग्रॅममध्ये आकडा लिहिलेला असतो, छोट्या हॅचबॅकमध्ये तो बऱ्याचदा ३५० ते ४५० च्या मध्ये कुठंतरी असतो. धरा तुमचा ३८० आहे. जानेवारीत अख्खा डबा गेला, म्हणजे पाइपमध्ये थोडा राहिला तरी ५० ग्रॅमच्या आसपास जास्त. मार्चमध्ये वरून "थोडा" अजून, धरा १०० ग्रॅम. आता ३८० च्या जागी ५३० झाला. हा जास्तीचा गॅस जातो कुठं? तो लिक्विड होऊन कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांमध्ये साचून बसतो. तेवढ्या नळ्या मग गॅस थंड करायच्या कामाच्या राहत नाहीत, त्यांची टाकी होते, आणि उरलेल्या वरच्या नळ्यांवर सगळा भार येतो. म्हणून जास्त गॅस म्हणजे जास्त गार असं नसतं, एका मर्यादेनंतर जास्त गॅस म्हणजे कमी गार, आणि तुमच्या गाडीत टॉप-अपनंतर बिघडलं हा त्याचाच पुरावा आहे. पहिल्या वेळी कदाचित फोमच्या पट्टीचा प्रॉब्लेम असेल, त्याला गॅस कमी समजून गॅस टाकला गेला आणि एकाचे दोन झाले.

"आम्ही प्रेशर बघून भरतो" हे उत्तर मिळालं तर ते पुरेसं नाही हे पण समजून घ्या. बंद गाडीत, सगळं एकाच टेंपरेचरला असताना, आत २०० ग्रॅम असो की ६०० ग्रॅम, प्रेशर सारखंच दिसतं, जोपर्यंत आत थोडं तरी लिक्विड आहे तोपर्यंत. घरातल्या सिलिंडरचं जसं, अर्धा असो की भरलेला, शेगडीची ज्योत तेवढीच. सिलिंडरमध्ये किती उरलाय ते वजनावरून कळतं, इथंही तसंच. चालू गाडीत प्रेशर बघून अंदाज येतो पण तो फॅन, ऊन, ब्लोअर ह्या सगळ्यावर हलतो आणि फॅनचाच प्रॉब्लेम असेल तर तो अंदाज पूर्ण चुकतो. गॅस वजनकाट्यावरच भरायचा, दुसरा मार्ग नाही.

पण ह्याच बंद गाडीच्या प्रेशरचा एक फार सुंदर उपयोग आहे आणि तो तुम्ही करून घ्याच. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवायची, सकाळी ऊन यायच्या आधी, इंजिन अजिबात चालू न करता गेज लावायचं. लो आणि हाय दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात. आता शेजारी थर्मामीटर धरा. शुद्ध १३४ए असेल तर २५ डिग्रीला साधारण ८२, २८ ला ९१, ३० ला ९७ च्या आसपास यायला पाहिजे. एखाद-दोन पॉइंट गेजचा फरक सोडून द्या. पण २८ डिग्रीला काटा १०५-११० दाखवत असेल तर आत १३४ए शिवाय दुसरं काहीतरी आहे, बहुतेक वेळा साधी हवा, म्हणजे गॅस भरायच्या आधी पंपानं आतली हवा ओढून काढायचं काम, व्हॅक्यूम, केलंच नाही किंवा पाच मिनिटं नावाला केलं. हवा कंडेन्सरमध्ये जाऊन बसते, ती कधीच लिक्विड होत नाही, फक्त जागा अडवते आणि हाय वाढवते. लक्षणं गॅस जास्त झाल्यासारखीच दिसतात, फरक ह्या सकाळच्या टेस्टमध्येच कळतो.

काटा वरच्या आकड्यांपेक्षा बराच वेगळा आला तर गॅस नकली किंवा मिक्स असायची शंका पण घ्या. स्वस्त डब्यात काय काय भरलेलं असतं सांगता येत नाही, काहींमध्ये एलपीजीच्या जातीचे जळणारे गॅस असतात. २०११ मध्ये जहाजाच्या रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरच्या मशीनरीचे स्फोट झाले होते, माणसं गेली, आणि संशय १३४ए मध्ये भेसळ केलेल्या आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइडवर गेला, हा गॅस ॲल्युमिनियमशी रिॲक्शन करतो आणि गाडीचा कंडेन्सर, कॉइल, कॉम्प्रेसरची बॉडी सगळं ॲल्युमिनियमच असतं. दोन-तीनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

तर आता करायचं काय. फॅन आणि पट्ट्या आधी नीट करून घ्या, मग रिकव्हरी मशीन असलेल्या ठिकाणी गाडी न्या, सोलापुरात मिळेल. त्यांना सांगा, आतला सगळा गॅस मशीननं ओढा आणि किती ग्रॅम निघाला ते मला स्क्रीनवर दाखवा. हा आकडा फार महत्त्वाचा आहे. नुसता वॉल्व्ह दाबून हवेत सोडून देऊ नका म्हणावं, एक तर आकडा मिळत नाही, ऑइल पण बाहेर येतं, आणि १३४ए हवेत सोडणं म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट गरम करणारी वस्तू सोडणं आहे, आपणच उन्हाळ्याला शिव्या देतो आणि आपणच त्यात भर घालतो.

त्यानंतर व्हॅक्यूम, कमीत कमी ४५ मिनिटं. गेजवर पुण्यात पाऱ्याच्या २८ इंचाच्या आसपास काटा थांबतो, सोलापूर थोडं खाली आहे त्यामुळे तिथं सव्वाअठ्ठावीसच्या आसपास जाईल, पुस्तकातला जवळपास ३० चा आकडा समुद्रसपाटीचा आहे त्यामुळे तो नाही आला म्हणून घाबरू नका. पण २४-२५ लाच अडकला तर पंप कमजोर आहे नाहीतर लीक आहे. पंप बंद करून २० मिनिटं काटा हलतो का बघायचं. व्हॅक्यूम नुसती हवा काढायला नसतं, आतला ओलावा उकळून बाहेर काढायला असतं, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून ४५ मिनिटं.

ड्रायर, म्हणजे गॅसमधला ओलावा शोषणारा भाग, नवीन आहे का विचारा. आजकाल बऱ्याच गाड्यांत तो कंडेन्सरच्या बाजूलाच जोडलेला असतो आणि नवीन कंडेन्सरबरोबर येतो. पण कंडेन्सरची टोपणं काढून चार दिवस उघडा पडून असेल तर तो ओलावा पिऊन आधीच भरलेला असणार. ओलावा राहिला की वेगळीच तक्रार येते, वीस मिनिटं मस्त गार, मग एकदम कोमट, गाडी दहा मिनिटं बंद ठेवली की परत गार. कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्सपान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकात पाण्याचा बर्फ होतो म्हणून तसं होतं. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही म्हणून ह्याच्यात जास्त जात नाही.

ऑइलचं विचारा, कंडेन्सर बदलताना किती टाकलं होतं. जुन्या कंडेन्सरबरोबर जेवढं जातं तेवढं परत टाकायचं असतं, छोट्या गाडीत साधारण २० ते ४० मिली, कंपनीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच. पूर्ण सिस्टिममध्येच १०० ते १५० मिली असतं, त्यामुळे कुणी अंदाजानं अर्धी बाटली ओतली असेल तर तेही कॉइलच्या आतून थर धरतं आणि कुलिंग खातं.

मग स्टिकरवरचा आकडा जेवढा आहे तेवढाच गॅस, काट्यावर, लो साइडनं. चालू गाडीत हाय साइडला डबा कधीही जोडू द्यायचा नाही, डबा फुटतो, मी एका चांगल्या कारागिराचा हात भाजलेला बघितलाय. चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करायचं.

हे सगळं झाल्यावर ४० डिग्रीच्या दुपारी, रिसर्क्युलेशन चालू, इंजिन १५०० वर, दहा मिनिटांनी लो ३० ते ४० आणि हाय २३० ते २८० च्या मध्ये आलं आणि जाळीत १० ते १४ डिग्री मिळाली तर एसी उत्तम आहे समजा. नुसत्या आयडलला दोन-तीन डिग्री जास्त येणारच. उन्हात चार तास तापलेली गाडी पाच मिनिटांत गार होणार नाही, आधी दारं उघडून ती भट्टी बाहेर काढा. सोलापूरची हवा कोरडी आहे हा तुमचा फायदा आहे. माझे रत्नागिरीचे कस्टमर त्याच गाडीत १४-१५ च्या खाली जात नाहीत कारण तिथं अर्धी ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, खाली पाइपमधून पाणी धो धो गळतं.

आणि हाय तरीही ३०० च्या खाली येत नसेल तर कंडेन्सरवर शंका घ्या. बाजारात बसायला तंतोतंत पण आतून कमी नळ्यांचे, पातळ कंडेन्सर मिळतात, जुना शेजारी धरला की जाडी आणि पत्र्यांची दाटी डोळ्यांना दिसते, बिलावर कोणत्या कंपनीचा लिहिलाय ते काढून बघा. हाय नॉर्मल झाला पण लो ५० च्या वरच राहिला आणि मोठा पाइप कॉम्प्रेसरपर्यंत घामानं भिजून बर्फासारखा गार लागत असेल, तर एक्सपान्शन वॉल्व्ह उघडा अडकलाय. आणि दोन्ही काटे जवळ जवळ आले, रेस करून हलेनात, तेव्हा आणि तेव्हाच कॉम्प्रेसरचं बोला.

ज्यांचा डॅशबोर्ड खोलून कुलिंग कॉइल बदललीये त्यांचं हे असं नसतं, त्यांनी फॅनच्या मागे लागू नये. त्यांच्याकडे प्रेशर बरोबर येतात तरी हवा गार नसते, कारण आत हीटरच्या फ्लॅपची केबल नीट बसवलेली नसते आणि गार हवेत गरम हवा मिसळत राहते, नाहीतर कॉइलवरचा सेन्सर चुकीच्या जागी खोचलेला असतो आणि तो कॉम्प्रेसर फार लवकर बंद करतो. टेंपरेचरचा नॉब पूर्ण लाल आणि पूर्ण निळा करून बघा, टोकाला जाताना फ्लॅपचा ठप्प आवाज येतोय का ऐका.

तुमच्या मेकॅनिकशी भांडू नका असं मात्र मनापासून सांगेन. त्यानं गेज लावलं, आकडे तुम्हाला खरे सांगितले, लपवले नाहीत, हे पण सगळे करत नाहीत. त्याला ३३० चा अर्थ कदाचित कुणी नीट समजावून सांगितलेला नाही, पाण्याची टेस्ट त्याच्यासमोर झाली तर त्यालाही पटेल आणि पुढच्या गाडीला उपयोग होईल. खर्चाचं म्हणाल तर पट्ट्या, रिकव्हरी, व्हॅक्यूम आणि मोजून गॅस मिळून दीड ते अडीच हजारात काम बसायला पाहिजे.

उद्या सकाळी कागदाची टेस्ट करा, परवा पहाटे बंद गाडीचं प्रेशर घ्या, आणि मशीनवर किती ग्रॅम निघाला आणि स्टिकरवर किती लिहिलाय ते दोन्ही आकडे मला कळवा. निघालेला गॅस ५०० च्या वर असेल तर तुमचे १८ हजार वाचले असं समजायला माझी हरकत नाही, आणि स्टिकरएवढाच निघाला तर पट्ट्यांचे आणि फॅनचे फोटो पाठवा, मग पुढचं बघू.